वाचकांचे प्रश्न : मिटलेली मूठ, दुखरा खांदा आणि जांभई

पक्षाघातानंतरच्या व्यायामांबद्दल या सदराकडे एवढी पत्रं साठली आहेत, की या वेळी दुसरा विषयच घेतलेला नाही. पत्रं छाटली आहेत, नावं-गावं काढली आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळ्यांचे डोस, बीपी, साखर यांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. मी त्यात पडत नाही.

ताई, यांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, पण उजव्या हाताची मूठ मिटलेलीच असते. कुणीतरी स्पंजचा बॉल आणून दिला, तो दिवसभर दाबत बसतात. दाबायला जोर भरपूर आहे, बोटं मात्र उघडत नाहीत. त्यात सगळे सांगतात, सहा महिन्यांत यायचं ते येतं, पुढे काही होत नाही. मग आता व्यायाम बंदच करावेत का?

व्यायाम बंद करू नका, तो बॉल बंद करा. रागावतील थोडे, रागावू द्या.

पक्षाघातानंतर हात आधी लुळा पडतो, मग त्यात हळूहळू ताठरपणा भरतो. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम नावाच्या फिजिओथेरपिस्ट होत्या, जन्म स्वीडनचा, काम अमेरिकेत. त्यांनी या प्रवासाचे सहा टप्पे मांडले आणि आम्ही आजही फायलीत ‘हात : तिसरा टप्पा’ असं लिहितो. या मधल्या टप्प्यांत हालचाल सुटी येत नाही, जुडीने येते. कप घ्यायला हात पुढे करायचा म्हटलं की खांदा वर चढतो, कोपर वाकतं, मनगट आत वळतं आणि मूठ आवळते, सगळं एकदम. म्हणजे मूठ आवळणारे स्नायू तुमच्या घरी आधीच गरजेपेक्षा जास्त कामावर आहेत, आणि बॉल त्यांनाच आणखी काम देतो. ज्याची बोटं नीट उघडतात आणि पकड नुसती कमजोर आहे, त्याने बॉल खुशाल दाबावा. तुमच्या यजमानांना शिकायचंय ते वस्तू सोडायला.

आधी मूठ उघडायची कशी ते बघा, कारण बहुतेक घरांत बोटांची टोकं धरून ती उपटली जातात आणि मूठ आणखी घट्ट होते. त्यांना टेबलाशी बसवा, कोपर टेकलेलं हवं. त्यांचं मनगट सावकाश खाली, तळव्याच्या दिशेने वाकवा. तसं केलं की बोटांवरचा ताण आपोआप उतरतो. मग अंगठा टोकाला न धरता बुडापाशी धरून बाजूला घ्या. आता बोटं पसरतील. तळवा टेबलावर टेकवा आणि मगच मनगट हळूहळू सरळ करा. घाई केलीत की हात उलट ओढून घेईल. तसं झालं तर थांबा, आणि पुन्हा मनगटापासून सुरू करा.

एवढं झालं की काम त्यांचं. पालथा हात टॉवेलवर ठेवून तो टेबलावर पुढे ढकलायचा, कोपर सरळ होईपर्यंत. मग मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवून वर उचलायचा प्रयत्न. मग रिकामा प्लास्टिकचा ग्लास: तुम्ही हातात द्यायचा, त्यांनी फक्त सोडायचा. धरण्याचं कौतुक करू नका, सोडलं की करा. हे दहा वेळा करून भागत नाही. २००९ साली उत्तर अमेरिकेत थेरपीच्या भेटींचं निरीक्षण करून मोजणी झाली होती. एका भेटीत हाताची कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होत होती, आणि प्रयोगशाळेत प्राण्यांचा मेंदू बदलताना दिसला तो दिवसाला काही शे वेळा तीच हालचाल करून घेतल्यावर. त्यामुळे आमच्याकडे येऊन जाणं म्हणजे व्यायाम झाला, असं धरू नका. खरा आकडा घरी भरतो, थोडा थोडा करत.

आता सहा महिन्यांचं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, पुढे तो मंदावतो, हे खरं आहे. मंदावतो म्हणजे दार बंद होतं, हे कुणीतरी मागाहून चिकटवलेलं आहे. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने माकडांवर काम करताना पाहिलं होतं, की अधू हात सुरुवातीला चालत नाही म्हणून प्राणी तो वापरणं सोडून देतो, आणि पुढे हातात थोडं बळ आलं तरी वापरत नाही. त्यावरून चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुखऱ्या हाताकडून रोज तासन् तास काम करून घ्यायचं, अशी दोन आठवड्यांची पद्धत निघाली. २००६ साली तिची मोठी चाचणी जाहीर झाली. त्यातल्या २२२ रुग्णांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झाले होते. या पद्धतीने शिकलेल्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभराने पाहिलं तेव्हाही तो फरक टिकून होता. तुमचे यजमान आठव्या महिन्यात आहेत.

पण वाचून लगेच त्यांचा डावा हात बांधू नका. ही पद्धत ज्यांची बोटं आणि मनगट स्वतःहून थोडं तरी वर उचलतं त्यांच्यासाठी आहे, आणि तोल गेला तर सावरायला तोच चांगला हात असतो. थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची गोष्ट आहे ती.

मूठ इतकी घट्ट असेल की तळवा धुता येत नाही, नखं रुततात, तर डॉक्टरांना बोट्युलिनम इंजेक्शनबद्दल विचारा. ताठरपणा साधारण तीन महिने उतरतो. त्या तीन महिन्यांत व्यायाम केले नाहीत तर इंजेक्शन फुकट गेलं समजा. आणि एक स्पष्ट सांगते: आठ महिन्यांनी बोटं जराही उघडत नसतील, तर शर्टाची बटणं लावणारा हात परत येईल असं मी म्हणणार नाही. बाहीत सहज जाणारा, कागद दाबून धरणारा, बरणी टेबलावर स्थिर ठेवणारा हात मिळवता येतो. दिवसभरात तो किती उपयोगी पडतो ते मिळाल्यावर कळतं.

वडिलांचा डावा हात अजिबात हलत नाही. पण जांभई आली की तोच हात छातीपर्यंत आपोआप वर येतो! मग हात बरा आहे आणि ते प्रयत्नच करत नाहीत, असं समजायचं का? आई म्हणते, मनात आणलं तर होईल.

आईंना हे उत्तर वाचून दाखवा. हा प्रकार डॉक्टरांना चांगला माहीत आहे, त्याला ‘पॅराकायनेशिया ब्रॅकियालिस ऑसिटान्स’ असं भलंमोठं लॅटिन नावही आहे. आपण ठरवून हात उचलतो तेव्हा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो आणि मज्जारज्जूत उतरतो. वडिलांचा तो रस्ता तुटलाय. जांभईचा कारभार खाली, मेंदूच्या देठातून चालतो, आणि तिथून हाताकडे जाणाऱ्या जुन्या वाटा शाबूत आहेत. जांभई संपली की हात खाली पडतो, आणि तुम्ही कितीही ‘परत करा’ म्हणालात तरी त्यांना ते करता येत नाही. शिंकताना, खोकताना, खुर्चीतून जोर लावून उठताना कोपर वाकतं, तेही याच जातीचं.

म्हणजे ही आळसाची खूण नाही, आणि हात सुधारतोय याचीही नाही. सुधारणेचा अंदाज बांधायला आम्ही दुसरंच बघतो: पहिल्या तीन दिवसांत बोटं थोडी सरळ करता येतात का, आणि हात खांद्यातून बाजूला नेता येतो का. नेदरलँड्समध्ये २०१० साली जाहीर झालेल्या अभ्यासात ज्यांना दोन्ही जमत होतं, त्यांच्यापैकी ९८ टक्के लोकांचा हात सहा महिन्यांनी थोडाफार तरी कामाला येईल असा अंदाज निघाला. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी तो सुमारे २५ टक्के होता.

सासऱ्यांना दीड महिना झालाय. डावा खांदा इतका दुखतो की रात्री झोप नाही. उठवताना मी एका बाजूने आणि हे दुसऱ्या बाजूने काखेत हात घालतो. कप्पीला दोरी लावून हात वर ओढायचा व्यायामही रोज न चुकता करून घेतो.

न चुकता करताय, तिथेच घोटाळा आहे. काखेत हात घालणं आणि कप्पी, दोन्ही आजपासून बंद.

खांद्याची खोबण उथळ असते, हाड तिथे राहतं ते स्नायूंच्या जिवावर. स्नायू लुळे पडले की अख्ख्या हाताचं वजन सांध्याला खाली ओढतं. खांद्याच्या वरच्या टोकदार हाडाखाली बोट ठेवून पाहा; एक बोट मावेल एवढी खाच लागली तर हाड खाली उतरलंय. अशा सांध्याला काखेतून वर रेटलं, किंवा मनगट धरून ओढलं, की आतले स्नायुबंध फाटतात. कप्पीत निराळी गंमत होते. हात वर जाताना पाठीवरचं फरं सोबत फिरायला हवं आणि हात बाहेरच्या बाजूला वळायला हवा. दोरी यातलं काहीच बघत नाही, ती ओढते. मधे सापडलेला स्नायू चिमटतो. कप्पी वापरणाऱ्यांत खांदेदुखी जास्त, हे १९९० सालापासून छापलेलं आहे, तरी कप्प्या काही जात नाहीत.

उठवायचं असं. खुर्ची घट्ट, न सरकणारी. सासऱ्यांना खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकू द्या. दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या थोडी मागे. पाय पुढे पसरलेले असतील तर कुणालाच उठता येत नाही, तुम्हीही करून बघा. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, जरा पुढे. तुमचा एक गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला बाहेरून-पुढून टेकलेला, म्हणजे तो दुमडणार नाही. एक हात त्यांच्या डाव्या फऱ्यावर मागून सपाट, दुसरा कमरेच्या पट्ट्याला. आता त्यांनी पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. इथे लोक घाबरून मागे रेलतात आणि मग दोन माणसं लागतात. नाक पुढे गेलं की बूड आपसूक हलकं होतं. ‘उठा’ म्हणा आणि क्षणभर थांबा. आधी त्यांना सुरुवात करू द्या, कमी पडेल तेवढंच तुम्ही द्या.

बसलेले असताना हात लोंबकळता ठेवू नका. उशीवर किंवा टेबलावर, कोपरासकट. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोळी उभं राहताना आणि चालताना बांधा, दिवसभर नको, नाहीतर हात घडी घातल्यासारखा आखडेल.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात तपासा. पंजा सुजलाय, कातडी चकचकीत किंवा लालसर झालीय, बोटांना नुसता स्पर्श झाला तरी कळ येते, असं असेल तर तो निराळा आजार आहे. थेट डॉक्टरांकडे जा.

रोज तासभर मालिश करतो. हात-पाय परत यायला आणखी किती दिवस लागतील?

मालिशने परत येत नाहीत. बरं वाटतं, कातडी चांगली राहते, अंग जरा मोकळं होतं, म्हणून हलक्या हाताने करायला माझी ना नाही. पण हालचाल जो करतो त्याला ती येते, आणि मालिशीत घाम मालिशवाल्याला येतो. तासातली पंधरा मिनिटं त्याला द्या आणि उरलेल्या वेळात रुग्णाला उठवा-बसवा. पोटरी एका बाजूचीच सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर तिला हात लावू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मी ४७ वर्षांची. उजवा पाय बाजूने गोल फिरवून टाकते. घरातले सारखे ‘पाय उचल, पाय उचल’ करतात. घोट्याचा स्प्लिंट सुचवलाय, पण त्याची सवय लागून पाय कायमचा आळशी होईल का?

घरातल्यांना सांगा, उचलता आला असता तर उचललाच असता. तुमचं पाऊल पुढून लोंबतंय आणि गुडघा चालताना पुरेसा वाकत नाहीये, त्यामुळे पाय लांब पडतो. बोटं जमिनीला अडकू नयेत म्हणून तुमच्या शरीराने कंबर उचलून पाय बाहेरून फिरवायची युक्ती काढली आहे. युक्ती वाईट नाही, फक्त दमवणारी आहे.

स्प्लिंट घ्या. तो पाऊल काटकोनात धरतो, टाच आधी टेकते आणि अडखळणं कमी होतं. त्याने स्नायू आळशी होतात ही भीती मला रोज ऐकू येते, अभ्यासांत तिला आधार सापडत नाही. न चालल्याने मात्र पाय नक्की बिघडतो. काढून ठेवाल तेव्हा खुर्चीत बसून टाच टेकवून पाऊल वर उचलायचा व्यायाम करा. आणि ओट्याला धरून, डावं पाऊल बुटक्या पाटावर ठेवून, उजव्या पायावर भार देत उभ्या राहा. त्या पायावर भरवसा यायला हवा, चाल तिथून सुधारते. पायाची संवेदना कमी असेल तर स्प्लिंट काढल्यावर कातडी डोळ्यांनी तपासायची. लाल वळ अर्ध्या तासातही गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या.

प्रगती मोजायची असेल तर दहा मीटर अंतर आखून घड्याळ लावा. साडेबारा सेकंदांच्या आत जमलं तर बाहेर एकटीने वावरण्याइतका वेग आहे. पंचवीसच्या पुढे लागत असतील तर सध्या घरापुरतं चालणं ठीक.

काठी कुठल्या हातात? जिना कसा?

काठी चांगल्या हातात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठडा असेल तर काठीपेक्षा कठडा बरा.

आईच्या मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. डाव्या बाजूला ती बघतच नाही, दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटते. डावा हात दाखवला तर ‘हा माझा नाही’ म्हणते. बसवलं की डावीकडे कलते, आणि सरळ करायला गेलो तर आम्हालाच ढकलते. व्यायामात सहकार्यच नाही.

सहकार्य नाही असं म्हणू नका, तिच्या जगातून डावी बाजू वजा झाली आहे. डोळ्यांना दिसत असतं, लक्ष तिकडे जात नाही. काही जणांची त्या बाजूची नजरही जाते, तेव्हा डोळे एकदा तपासून घ्या. तिच्याशी बोलताना समोरून सुरुवात करा, बोलता बोलता डावीकडे सरका आणि तिची मान वळेपर्यंत थांबा. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा. पट्टी दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. डाव्या हाताचा कुठलाही व्यायाम करण्याआधी तिने तो हात उजव्या हाताने शोधून, टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा. पाणी, फोन, हाक मारायची घंटा मात्र उजवीकडेच ठेवा. गरजेच्या वस्तूंवर शिकवणी नको.

ढकलण्याचं कारण वेगळं आहे. जर्मन संशोधकांनी २००० साली अशा रुग्णांना बाजूला कलणाऱ्या खुर्चीत, डोळे बांधून तपासलं. शरीर चांगल्या बाजूकडे साधारण १८ अंश कललेलं असताना त्यांना आपण सरळ बसलोय असं वाटत होतं. म्हणजे तुम्ही आईला खरोखर सरळ करता तेव्हा तिला कसं वाटत असेल याचा विचार करा. डोळे मात्र खरं सांगतात. म्हणून तिला ओढू नका. समोर दाराची उभी चौकट दिसेल असं बसवा, ‘चौकटीसारखी सरळ हो’ म्हणा, आणि उजवीकडे भिंत किंवा टेबल द्या, म्हणजे त्या बाजूला टेकायला ती स्वतःहून जाईल. हे ढकलणं बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं.

मी पडले की मुलगी आणि जावई हाताला धरून उचलतात, मग आठवडाभर खांदा ठणकतो. एकटी असताना पडले तर उठायचं कसं? डावी बाजू कमजोर आहे.

आधी उठूच नका. पडल्यापडल्या जागेवर राहून कुठे दुखतंय, पाय हलतोय का ते बघा. खुब्यात कळ असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला पडला असेल तर तशाच राहा आणि मदत बोलवा. त्यासाठी फोन खिशात हवा, टेबलावर असून उपयोग नाही.

सगळं ठीक असेल तर उजव्या कुशीवर वळा, उजव्या कोपरावर आणि मग तळव्यावर जोर देऊन बसत्या व्हा. बूड सरकवत जड खुर्चीपर्यंत या. खुर्ची समोर हवी, चाकांची नको. उजवा हात बैठकीवर टेकवून दोन्ही गुडघ्यांवर या. मग उजवं पाऊल पुढे रोवा, हात आणि तो पाय यांवर भार देऊन बूड उचला आणि वळून खुर्चीत टेका. डावा हात या सगळ्यात कुठे अडकत नाही ना, ते बघत राहा. मुलगी-जावयाने खुर्ची आणून द्यावी, दुसरी खुर्ची मागे धरावी, कमरेला आधार द्यावा. हात ओढू नये. हे पहिल्यांदा पडल्यावर शिकायचं नसतं. थेरपिस्टकडून गादीवर करून घ्या, दमेपर्यंत नको, पण अंगवळणी पडेपर्यंत.

आणि डोकं आपटलं असेल, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर उठून छान बसलात, चहा घेतलात, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन दाखवा.